परत आलेल्या कपड्यांवरची ड्युटी सोडवताना

अमेरिकेत आयात केलेला माल दुकानात विकला गेला, गिऱ्हाइकाने तो परत आणून दिला आणि पुढे तो देशाबाहेर रवाना झाला, तर आयातीच्या वेळी भरलेल्या कस्टम्स ड्युटीतली ९९ टक्के रक्कम सरकार परत करतं. याला ड्रॉबॅक म्हणतात. १९३० च्या टॅरिफ अ‍ॅक्टच्या कलम ३१३ मध्ये, उपकलम सी खाली ही तरतूद आहे. मुळात ड्रॉबॅक ही गोष्ट या देशाच्या सरकाराइतकीच जुनी. ४ जुलै १७८९ रोजी पहिल्या काँग्रेसने आयात मालावर जकात बसवणारा कायदा केला, त्यातच फेरनिर्यातीवर जकात परत देण्याची सोय होती.

मी न्यू जर्सीत कपडे आयात करणाऱ्या एका कंपनीत कस्टम्सचं काम बघते. आमची स्वतःची दुकानं आहेत, शिवाय मोठ्या डिपार्टमेंट स्टोअर्सच्या साखळ्यांनाही आम्ही माल देतो. ड्रॉबॅक नावाची चीज आहे हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं, पण तो कारखानदारांसाठी असतो असा समज होता. परत आलेले कपडे वर्षानुवर्षं लॉटने विकले जात होते आणि त्यावर भरलेली ड्युटी खर्चात जमा होत होती. कपड्यांवरची ड्युटी काही किरकोळ नसते. विणीच्या सुती टी-शर्टवर १६.५ टक्के, तोच पॉलिस्टरचा असेल तर ३२ टक्के. २० डॉलर आयातमूल्याच्या पॉलिस्टर टी-शर्टवर ६ डॉलर ४० सेंट ड्युटी जाते आणि त्यातले सुमारे ६ डॉलर ३४ सेंट परत मिळू शकतात. चीनहून आलेल्या कपड्यांवर दुसऱ्या एका व्यापार कायद्याच्या कलम ३०१ खालची जादा ड्युटी १ सप्टेंबर २०१९ पासून १५ टक्के होती, १४ फेब्रुवारी २०२० पासून ती साडेसात टक्के झाली. तीही ड्रॉबॅकमध्ये परत मिळते. (सगळ्याच जादा ड्युटीचं असं नाही. आणखी एका कायद्याच्या कलम २३२ खाली पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमवर बसवलेली ड्युटी ड्रॉबॅकला चालत नाही. म्हणून प्रत्येक प्रकाराची ड्युटी वेगळी तपासावी लागते.)

आम्ही ड्रॉबॅकचंच काम करणाऱ्या एका कस्टम्स ब्रोकर बाईंना गाठलं. पहिल्या बैठकीत आयातीचे कागद त्यांनी मागितलेच नाहीत. त्या म्हणाल्या, "आधी मला परत आलेला माल जिथे उतरतो ती जागा दाखवा." तेव्हा मला त्याचं नवल वाटलं होतं. गोदामात गेल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "यातले कुठले कपडे विकले गेले होते?"

सगळं घोडं इथेच अडलं होतं. कायद्याचे शब्द नेमके आहेत. माल किरकोळीत विकलेला हवा, नंतर कुठल्याही कारणाने परत आलेला हवा आणि आयातदाराने किंवा आयातदाराकडून माल घेतलेल्याने तो स्वीकारलेला हवा. 'कुठल्याही कारणाने' ही केवढी मोठी सवलत आहे बघा. माप बसलं नाही, रंग आवडला नाही, दोनदा घालून धुतला, सगळं चालतं. कपडा सदोष असल्याचं सिद्ध करावं लागत नाही, न वापरलेला असल्याचंही नाही. पण तो एकदा विकला गेलेला असला पाहिजे, यात तडजोड नाही. आमच्या गोदामात तर दोन ओघ एकत्र येत होते. एक गिऱ्हाइकांनी परत केलेला माल, दुसरा हंगाम संपल्यावर दुकानांतून उचललेला, कधीच न विकला गेलेला माल. दोन्हींच्या खोक्यांवर एकच चिकटपट्टी: 'परत'. संगणकातही दोन्हींना एकच कोड.

न विकलेल्या मालालाही ड्रॉबॅक मिळतो, पण त्याचा रस्ता वेगळा. तो उपकलम जे खाली, न वापरलेला माल म्हणून जातो. त्याच्या अटी वेगळ्या, मुदती वेगळ्या आणि दावाही वेगळा करावा लागतो. एका दाव्यात दोन तरतुदींचा माल घालता येत नाही. त्यामुळे खोक्यात हात घालून 'हा इकडे, तो तिकडे' करण्याला पर्याय नव्हता, आणि नुसतं कपड्याकडे बघून ते कळत नाही. हँगटॅग लावलेला शर्ट गिऱ्हाइकानेही परत केलेला असू शकतो. टॅग नसलेला शर्ट दुकानातल्या पुतळ्याच्या अंगावरचा असू शकतो.

गोदामाची सुपरवायझर या कामात मुरलेली बाई. तिने एक खोकं उघडून दाखवलं. गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या कपड्याला दुकानात एक छोटी पावती टाचतात, तिच्यावर परतीच्या व्यवहाराचा नंबर असतो. गोदामात माल वेगळा करताना या पावत्या कात्रीने कापून कचऱ्यात टाकायची पद्धत होती, कारण पुढे लॉटने घेणाऱ्याला त्या नको असायच्या. ब्रोकर बाईंनी कचऱ्याच्या डब्यातून मूठभर पावत्या काढल्या, टेबलावर पसरल्या आणि म्हणाल्या, "हे तुमचे पैसे." त्या दिवसापासून पावत्या कापणं बंद झालं. स्कॅनरमध्ये दोन वेगळे कोड आले, 'गिऱ्हाइकाकडून परत' आणि 'दुकानातून उचललेला'. आता पावती स्कॅन केली की व्यवहाराचा नंबर, बारकोड आणि खोक्याचा नंबर एका ओळीत नोंदला जातो.

आधीपासून पडून असलेल्या मालाचं काय, हा प्रश्न उरला. बिलिंगच्या यंत्रणेत परतीच्या व्यवहारांची नोंद होती, म्हणून आमच्या दुकानांतून आलेल्या बऱ्याच कपड्यांचा माग काढता आला. जिथे काढता आला नाही तो माल आम्ही दाव्यातून बाहेर ठेवला. फायनान्सच्या साहेबांना ते रुचलं नाही. "बहुतेक गिऱ्हाइकांचेच असणार, एवढं सोडून द्यायचं?" असं त्यांचं म्हणणं. पण खोट्या ड्रॉबॅक दाव्याला या कायद्यात वेगळा दंड आहे आणि निष्काळजीपणाही त्यातून सुटत नाही. 'बहुतेक' या शब्दावर सरकारी पैसा मागू नये असं माझं ठाम मत होतं आणि बाईंचंही तेच होतं. साहेबांनी ऐकलं.

डिपार्टमेंट स्टोअर्सकडून परत येणाऱ्या मालाची गोष्ट निराळी. कायद्याप्रमाणे त्यांनी विकलेला आणि त्यांनी परत स्वीकारलेला मालही चालतो, कारण तो त्यांनी आमच्याकडून घेतलेला असतो. पण एका मोठ्या साखळीकडून आमच्याकडे येतो तो फक्त माल परत करण्याचा कागद, त्यावर स्टाइल आणि नग. त्यातला कुठला नग गिऱ्हाइकाकडून आलेला आणि कुठला त्यांच्या मांडणीवरून उतरवलेला, याचा पत्ता नाही. पत्रं गेली, फोन झाले, उत्तर एकच: "आमच्याकडे अशी फाइल निघत नाही." दुसरी एक साखळी तर माल परत पाठवतच नाही, तिथल्या तिथे मोडीत काढते आणि आमच्या बिलातून रक्कम वळती करते. तिथे निर्यात करायला हातात मालच नाही, म्हणजे ड्रॉबॅकचा विषयच संपला.

माल वेगळा झाल्यावर खरं जोडकाम सुरू झालं: परत आलेला प्रत्येक नग कुठल्या आयातीवर दाखवायचा?

माझा चुलतभाऊ न्हावा शेवाला एका कस्टम्स ब्रोकरच्या कचेरीत आहे. त्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, अगं तोच शर्ट आहे हे तू दाखवणार कसं?" त्याचा प्रश्न भारतातल्या नियमाला धरून होता. तिथे १९६२ च्या कस्टम्स अ‍ॅक्टच्या कलम ७४ खाली ९८ टक्के परत मिळतात, साधारणपणे ड्युटी भरल्यापासून दोन वर्षांच्या आत निर्यात करावी लागते आणि वापरलेल्या मालाला वापराच्या काळाप्रमाणे कमी कमी दर लागतो. मुख्य म्हणजे आयात केलेला तो हाच माल, ही ओळख अधिकाऱ्याला पटवून द्यावी लागते. यंत्राला नंबर असतो, शर्टाला नसतो.

अमेरिकेच्या कायद्याने किरकोळीतल्या परत मालापुरती ही अडचण सोडवली आहे. तोच शर्ट कुठल्या कंटेनरमधून आला हे शोधायची गरज नाही. निर्यातीच्या आधीच्या एका वर्षात आलेली कुठलीही आयात दाखवता येते. अट अशी की आयातीच्या कागदांवर तोच आठ अंकी टॅरिफ कोड (ड्युटीसाठी मालाची वर्गवारी ठरवणारा नंबर) हवा आणि मालाची तीच नेमकी ओळख हवी, म्हणजे पार्ट नंबर, एसकेयू (साठा मोजायला कंपनी मालाच्या प्रत्येक प्रकाराला देते तो कोड) किंवा प्रॉडक्ट कोड. ऐकायला सोपं वाटतं. आमचं काम सर्वांत जास्त रेंगाळलं ते इथेच.

एंट्री म्हणजे एका आयातीची कस्टम्सकडची नोंद. तिच्या गोषवाऱ्यावर, म्हणजे एंट्री समरीच्या फॉर्म ७५०१ वर, एसकेयू नसतो. तिथे टॅरिफ कोडाप्रमाणे एकेक ओळ असते आणि एकाच कोडाखाली येणाऱ्या दहा-दहा स्टाइल त्या एका ओळीत एकत्र झालेल्या असतात. म्हणून एसकेयूसाठी पुरवठादाराच्या इनव्हॉइसकडे जावं लागतं. बांगलादेशातल्या एका कारखान्याची इनव्हॉइसं अगदी चोख: स्टाइल, रंग, माप, नग, दर. दुसऱ्या एका पुरवठादाराच्या इनव्हॉइसवर नुसता स्टाइल नंबर आणि पुढे 'विविध रंग व मापे'. आता आमचा एसकेयू हा स्टाइल, रंग आणि माप मिळून बनतो. इनव्हॉइसवर रंगच नाही, तर एसकेयू जुळला असं कसं म्हणायचं? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

इथे बाईंचा अनुभव कामाला आला. त्यांनी विचारलं, "तुमच्या व्यवहारात प्रॉडक्ट कोड म्हणजे नेमकं काय? खरेदी कशावर होते, दर कशावर ठरतो, साठा कशावर मोजता?" खरेदी आणि दर स्टाइलवर, साठा मात्र रंग-मापावर. सोयीचं होतं म्हणून स्टाइलवर भागवता आलं असतं. आम्ही ते केलं नाही. त्या पुरवठादाराच्या प्रत्येक शिपमेंटची पॅकिंग लिस्ट काढली. तिच्यात खोक्यागणिक रंग आणि मापं होती आणि तिच्यावर इनव्हॉइसचा नंबरही होता. इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट जोडून वाचली की एसकेयू पुरा होतो, आणि पॅकिंग लिस्टही आयातीच्याच कागदांत मोडते. ज्या शिपमेंटची पॅकिंग लिस्ट सापडली नाही, ती यादीतून काढून टाकली.

या जुळवणीचा एक नमुना सांगते, म्हणजे काम कसं चालतं ते दिसेल. गडद निळा, मध्यम मापाचा, पॉलिस्टरचा विणलेला पुलओव्हर. परतीच्या स्कॅनमध्ये त्याचा फक्त बारा अंकी बारकोड. आमच्या माल-यादीत बारकोडावरून एसकेयू मिळतो, एसकेयूवरून स्टाइल आणि खरेदीचा नंबर. खरेदीच्या नंबरावरून इनव्हॉइस, इनव्हॉइसवरून एंट्रीचा नंबर, एंट्रीत पुन्हा नेमकी ओळ, आणि त्या ओळीवर टॅरिफ कोड ६११०.३०.३०, ड्युटी ३२ टक्के. ही साखळी एका नगाला एकदा हाताने जुळवून बघितली, मग ती तशीच्या तशी प्रोग्राममध्ये बसवली. तरीही मधूनमधून कडी तुटायची. एका स्टाइलचं कापड हंगामाच्या मध्यात बदललं होतं, आधी सूत जास्त, नंतर पॉलिस्टर जास्त. एसकेयू तोच राहिला, टॅरिफ कोड मात्र बदलला. त्यात हातातला शर्ट कुठला हे धुलाईच्या लेबलावरच्या टक्क्यांवरूनच कळतं. सुपरवायझरने त्या स्टाइलचे सगळे नग वेगळे काढून एकेकाचं लेबल वाचून घेतलं. ते काम तिने ज्या निष्ठेने केलं त्याला तोड नाही.

यात एक जपावं लागतं. आयातीच्या एका ओळीवर जितके नग आले, त्याहून एकही जास्त नग त्या ओळीवर दाखवता येत नाही, आणि एका दाव्यात वापरलेला नग दुसऱ्या दाव्यात पुन्हा वापरता येत नाही. यात उपकलम जे खालचे दावेही आले. म्हणून प्रत्येक ओळीचं खातं ठेवावं लागतं: आलेले नग, वापरलेले नग, शिल्लक. मी हे खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवलं आणि त्यात लिहिण्याचा अधिकार एकाच माणसाकडे दिला. शिवाय ड्युटीमुक्त आलेला माल आधीच गाळावा लागतो. काही स्टाइल आम्ही दोन देशांतून घेतो, त्यातला एक मुक्त व्यापार करारातला. त्या एंट्रीवर ड्युटीच भरलेली नाही, तर परत काय मागणार?

एक वर्षाची अट मात्र हिशेबात सतत टोचत राहते. हिवाळी जॅकेटं जुलैत येतात, नोव्हेंबर-डिसेंबरात विकली जातात, जानेवारीत ढिगाने परत येतात. लॉट विकायचा आणि कंटेनर भरायचा म्हणता म्हणता पुढचा ऑगस्ट उजाडतो, आणि जुलैची आयात वर्षाच्या बाहेर गेलेली असते. सप्टेंबरात आलेली दुसरी खेप असेल तर तिच्यावर भागतं, नसेल तर ती ड्युटी गेली. दावा दाखल करायला आयातीपासून पाच वर्षं मिळतात, ही सवलत २०१६ मध्ये मंजूर झालेल्या ट्रेड फॅसिलिटेशन अँड ट्रेड एन्फोर्समेंट अ‍ॅक्टने दिली. त्या पाच वर्षांच्या भरवशावर लोक निवांत राहतात. परत मालाच्या बाबतीत खरी मुदत एक वर्षाची आहे, आणि ती मोजायची निर्यातीच्या तारखेपासून मागे. हे समजल्यावर आमच्याकडे परत माल विकायचं वेळापत्रकच बदललं. जास्त ड्युटीच्या कोडांचा माल आधी बाहेर काढायचा.

निर्यातीपूर्वी कस्टम्सला कळवावं लागतं, कारण माल बघायची संधी त्यांना मिळायला हवी. त्यासाठी फॉर्म ७५५३ असतो: निर्यात करण्याचा किंवा नष्ट करण्याचा इरादा जाहीर करणारी नोटीस. ती निर्यातीच्या किमान पाच कामकाजी दिवस आधी द्यायची. तपासणी करणार की नाही हे ते दोन कामकाजी दिवसांत कळवतात. आमच्या पहिल्याच नोटिशीवर 'तपासणी करणार' असं आलं. फायनान्सचे साहेब चिंतेत पडले, मला मात्र ते बरंच वाटलं. पहिल्याच खेपेला माल डोळ्यांखालून गेला तर पुढे कागदाला वजन येतं.

तपासणीला दोन अधिकारी आले. आम्ही खोक्यांना नंबर देऊन, प्रत्येक खोक्यात कुठला एसकेयू किती नग याची यादी तयार ठेवली होती. त्यांनी यादीतून खोकी निवडली, ती पुढच्या रांगेतली नव्हती. फोर्कलिफ्टने पॅलेट खाली काढावे लागले. एका अधिकाऱ्याने खोकं उघडून नग मोजले, दोन-तीन कपड्यांची धुलाईची लेबलं वाचली, मूळ देश बघितला आणि विचारलं, "हा परत आलेला आहे हे मला कशावरून कळेल?" सुपरवायझरने त्या कपड्याला टाचलेली पावती दाखवली, तिच्यावरचा नंबर स्कॅन केला. पडद्यावर दुकान, परतीची तारीख, मूळ विक्रीची तारीख. त्याने मान डोलावली आणि पुढचं खोकं घेतलं. एका खोक्यात यादीपेक्षा एक नग कमी निघाला. त्याने तिथेच आकडा दुरुस्त करून सही घेतली आणि आम्ही दाव्यातूनही तो नग वजा केला. नोटिशीवर तपासणीचा शेरा लिहिला गेला आणि माल सोडला.

निर्यात त्यामानाने सरळ झाली. माल पनामाच्या कोलोन मुक्त व्यापार क्षेत्रातल्या एका व्यापाऱ्याने घेतला. इथल्या एखाद्या लॉटवाल्याला विकून 'तू बाहेर पाठव' म्हणणं सोपं होतं, भावही थोडा बरा येत होता. पण मग बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढवल्याची वाहतूकदाराची पावती) त्याच्या नावावर, निर्यातीचे कागद त्याच्या कपाटात, आणि त्याने अर्धा माल इथेच विकला तर आपल्याला पत्ता नाही. म्हणून निर्यातदार आम्हीच राहिलो. एका वर्गवारीचा माल २,५०० डॉलरवर गेला की निर्यातीची इलेक्ट्रॉनिक माहिती सरकारला द्यावी लागते आणि तिचा एक नंबर मिळतो. तो नंबर, बिल ऑफ लेडिंग, निर्यात इनव्हॉइस आणि खोक्यांची यादी, चारही कागद एकमेकांशी जुळतात ना, हे बाईंनी स्वतः बसून तपासलं. निर्यात इनव्हॉइसवर 'मिश्र कपडे, इतके किलो' असं लिहायची या धंद्यातली रीत आहे. आम्ही एसकेयूवार यादी जोडली. व्यापाऱ्याला जो पडेल भाव मिळाला त्याचा ड्रॉबॅकवर परिणाम होत नाही. रक्कम ठरते ती आयातीच्या वेळी भरलेल्या ड्युटीवरून.

माल नष्ट करूनही तेवढाच परतावा मिळतो, पण नष्ट करताना कस्टम्सची देखरेख लागते. जे कपडे विकण्याजोगे उरत नाहीत त्यांच्यासाठी तो मार्ग आहे. अंगात घालण्याजोगा कपडा केवळ ब्रँडची किंमत राखण्यासाठी फाडून टाकणं मला पटत नाही, आणि ड्युटी दोन्हीकडे सारखीच परत मिळत असताना निर्यात सोडून तिकडे वळायला कारणही नाही.

दावा दाखल होतो तो इलेक्ट्रॉनिक पद्धतीने, एसीई या कस्टम्सच्या यंत्रणेत. पूर्वी कागदी फॉर्म चालत. २०१६ च्या त्या नव्या कायद्याची पद्धत २४ फेब्रुवारी २०१८ ला सुरू झाली, वर्षभर जुनी-नवी दोन्ही चालल्या आणि २४ फेब्रुवारी २०१९ पासून फक्त नवी. दाव्यात प्रत्येक आयात-ओळ, तिच्यावरचे वापरलेले नग, ड्युटी आणि समोर निर्यातीची ओळ. एकही कोड चुकला, नगाचं एकक जुळलं नाही (आमच्या एका ओळीवर डझन होते आणि निर्यातीत नग) की यंत्रणा दावा परत फेकते. माणसाशी बोलायची वेळ त्यानंतर येते.

पैसे हातात पडायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे दाव्याचा शेवटचा निवाडा होईपर्यंत, म्हणजे कस्टम्स रक्कम कायम करेपर्यंत थांबायचं. त्याला खूप काळ लागू शकतो, कारण ज्या आयात एंट्री दाखवल्या त्यांचाही निवाडा व्हावा लागतो आणि तो साधारणपणे ३१४ दिवसांच्या चक्राने होतो. दुसरा मार्ग त्वरित परताव्याचा. त्यासाठी वेगळा अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते आणि तेवढ्या रकमेचा बाँड, म्हणजे हमी, ठेवावा लागतो. मग दावा स्वीकारल्यावर सुमारे तीन आठवड्यांत रक्कम येते. पुढे तपासात काही कमी निघालं तर ती व्याजासह परत करायची. आम्ही हा अर्ज पहिल्या दाव्याबरोबरच केला. बाँडचा हप्ता जातो, पण एरवी पैसा अडकून पडला असता, त्या हिशेबाने तो परवडला.

न्यूअर्कच्या ड्रॉबॅक कार्यालयाकडून एक पत्र आलं. त्यांनी निवडक नगांसाठी विक्री, परती आणि स्वीकार या तिन्हींचा पुरावा मागितला होता. निवड त्यांची होती, आमची नाही, हे महत्त्वाचं. विक्री आणि परती बिलिंगच्या नोंदींतून निघाली. 'स्वीकार' म्हणजे काय दाखवायचं यावर बाई आणि मी बराच वेळ बोललो. गिऱ्हाइकाला पैसे परत दिल्याची नोंद हाच स्वीकार, असं आम्ही लिहिलं आणि सोबत आमचं छापील परती-धोरण जोडलं. पुढे त्यावर काही विचारणा झाली नाही आणि रक्कम आली.

दाव्याचे सगळे कागद निवाड्यानंतर तीन वर्षं सांभाळायचे असतात. बिलिंगच्या नोंदी आमच्याकडे त्याआधीच पुसल्या जायच्या, कारण साठवणीचा खर्च. तो नियम बदलून घ्यायला आयटीवाल्यांच्या मागे लागावं लागलं. ड्रॉबॅकच्या दाव्यात आलेल्या नोंदी आता वेगळ्या साठवतात.

पुरवठादारांशी केलेल्या करारात आम्ही एक कलम घातलं आहे: इनव्हॉइसवर एसकेयू ओळीओळीने हवा, त्याशिवाय बिल मंजूर होणार नाही. तिरुपूरच्या पुरवठादाराने ते लगेच मानलं, त्यांच्या यंत्रणेत ते आधीपासूनच होतं. 'विविध रंग व मापे' लिहिणाऱ्याने कुरकुर केली, पण त्याचीही नवी इनव्हॉइसं नीट येऊ लागली आहेत. अडलं आहे ते त्या डिपार्टमेंट स्टोअरच्या साखळीपाशी. येत्या हंगामापासून परतीची फाइल महिन्याला देऊ, असं त्यांनी तत्त्वतः मान्य केलं आहे. ती येईपर्यंत त्यांची खोकी आम्ही वेगळ्या रांगेत ठेवतो आणि त्यावर दावा करत नाही.